‘करावे लागले’ : एका क्रियापदाची नैतिक व्याप्ती

१

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. काळ्या जमिनीचा, कापसाचा आणि अलीकडच्या दशकांत सोयाबीनचाही हा मुलूख, बोली वऱ्हाडी. अशा गावात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जे बोलणे कानावर पडते, त्यातून ‘लागणे’ हे एकच क्रियापद वेगळे काढावयाचे ठरविले, तर दिवसभराचा जवळजवळ सगळा व्यवहार त्याबरोबर निघून येईल. विहिरीला पाणी लागते, पोराला नोकरी लागते, पऱ्हाटीला बोंडे लागतात आणि बोंडांना अळी लागते. कापसाला भाव लागतो, बँकेत रांग लागते, निकाल लागतो, ऊन लागते, ठेच लागते, भूक लागते, झोप लागते. अनोळखी पाहुण्याला ‘हा तुमचा कोन लागते?’ असे विचारले जाते. आणि या सर्वांच्या मधून, विशेष जोर न देता, एक वाक्यरचना पुन्हा पुन्हा येत राहते : ‘मले यवतमाळले जा लागते’, ‘बियानं उधार घ्या लागलं’, ‘आहे त्या भावात कापूस इका लागला’. प्रमाण मराठीत हीच रचना ‘जावे लागते’, ‘घ्यावे लागले’, ‘विकावा लागला’ अशी येते.

मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘लागणें’ या शब्दाखाली अर्थांची मोठी मालिका आढळते. कोशकाराच्या दृष्टीने ही अनेकार्थता हा वर्गीकरणाचा प्रश्न आहे. प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न वेगळा आहे. मराठी भाषक जेव्हा आपल्या कृतीविषयी ‘केले’ असे न म्हणता ‘करावे लागले’ असे म्हणतो, तेव्हा तो नैतिकदृष्ट्या नेमके काय करीत असतो? तो जबाबदारी झटकत असतो की जबाबदारीविषयी अधिक अचूक विधान करीत असतो? आणि ज्याच्या कानी हे वाक्य पडते, त्याच्याकडे काही कर्तव्य येते काय? ज्या जिल्ह्याचे नाव गेली तीन दशके शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले आहे, त्या जिल्ह्याच्या बोलीतून हा प्रश्न उपस्थित होतो, तेव्हा तो केवळ व्याकरणाचा राहत नाही.

२

या क्रियापदाच्या मुळाशी संस्कृत ‘लग्’ हा धातू आहे आणि धातुपाठात त्याचा अर्थ संग, म्हणजे चिकटणे, जोडले जाणे असा दिला आहे. ‘लग्न’ हे त्याचेच धातुसाधित. जुन्या मराठीत ‘लागीं’ हा शब्द चतुर्थीचे काम करीत असे. कोकणीत तो आजही ‘जवळ’ या अर्थाने रूढ आहे. अर्थात, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्द कोठून आला यावरून तो आज काय करतो हे सिद्ध होत नाही. ते वापरातूनच पाहावे लागते. विट्गेनस्टाईनने ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ (१९५३) या ग्रंथात कुटुंबसाम्याची कल्पना मांडली. एका शब्दाच्या सर्व वापरांत एकच सत्त्व असावयास हवे असे नाही. कुटुंबातील माणसांचे नाकडोळे जसे काही अंशी जुळतात, तसे हे वापर एकमेकांशी जुळतात. ‘लागणे’च्या बाबतीत हे साम्य कोठे आहे, हे पाहण्यास वाक्यरचना उपयोगी पडते.

‘त्याने गाय विकली’ आणि ‘त्याला गाय विकावी लागली’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. गाय गेली, पैसे आले. परंतु पहिल्या वाक्यातील ‘ने’ विकणाऱ्याला कर्ता म्हणून उभा करतो, तर दुसऱ्यातील ‘ला’ त्याला वेगळ्या रांगेत नेऊन बसवितो. ही रांग अनुभव घेणाऱ्यांची आहे : त्याला भूक लागली, त्याला थंडी लागली, त्याला ठेच लागली. भूक कोणी ‘करीत’ नाही. ती येऊन चिकटते. सक्तीची मराठी रचना माणसाच्या कृतीला भुकेच्या आणि ठेचेच्या शेजारी नेऊन ठेवते. कृती त्याच्या हातून घडली, परंतु तिचा उगम त्याच्यात नव्हता, असा तिचा दावा असतो. याउलट ‘तो जाऊ लागला’ या वाक्यात लागणारा स्वतः कर्ताच आहे, येथे तोच कृतीला चिकटतो. ‘त्याला जावे लागले’ या वाक्यात कृती त्याला चिकटते. जोडले जाणे दोन्हीकडे आहे. कोण कोणाला येऊन लागले एवढाच फरक, आणि नीतिविचारातील मोठा वाद नेमका या फरकाशी निगडित आहे.

मराठीत कर्तव्यवाचक आणि सक्तीवाचक रचनांची एक सूक्ष्म श्रेणी आहे, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. ‘मला जायचे आहे’ यात संकल्प आहे. ‘मला जायला हवे’ यात कर्तव्याची जाणीव आहे. न जाण्याची शक्यता तेथे शिल्लक राहते, म्हणूनच जाण्याला नैतिक मोल येते. ‘मला जावे लागते’ यात ती शक्यताच मिटल्याचे सांगितले जाते. हिंदीत हेच काम ‘पड़ना’ करते : तेथे सक्ती वरून पडते, मराठीत ती येऊन लागते. आणि वऱ्हाडीत ‘करावे’ झिजून ‘करा’ आणि ‘जावे’ झिजून ‘जा’ उरतो. हा ध्वनिपरिवर्तनाचा भाग आहे, हेतूचा नव्हे. तरीही ‘मले जा लागते’ हे वाक्य ऐकणाऱ्याला त्यात एक आज्ञार्थ दडल्याचा भास होतो, जणू कोणीतरी ‘जा’ म्हणाले आहे आणि तो कोण ते वाक्यात नाही.

३

ही सक्ती खरी कधी आणि सबब कधी, हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण दिले आहे. जहाज वाचविण्यासाठी माल समुद्रात फेकला जातो. एरवी कोणीही शहाणा माणूस आपला माल फेकणार नाही. त्या क्षणी मात्र तो समजून उमजून फेकतो. अशा कृतींना ॲरिस्टॉटल मिश्र म्हणतो आणि त्या ऐच्छिक कृतींच्या अधिक जवळ ठेवतो, कारण हात हलविणारा माणूस स्वतःच असतो. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी गाय विकणारा माणूस याच मिश्र प्रदेशात उभा असतो. ‘विकली’ हे खरे आहे. पण ते पुरेसे खरे नाही. ‘विकावी लागली’ हे वाक्य कृतीचा इन्कार करीत नाही, ती कोणत्या वादळात झाली ते सोबत नोंदविते.

जे. एल. ऑस्टिन याने ‘अ प्ली फॉर एक्सक्यूझेस’ (१९५६) या निबंधात समर्थन आणि सबब यांच्यात भेद केला. समर्थन करणारा जबाबदारी घेतो, पण कृती वाईट होती हे नाकारतो. सबब सांगणारा कृती वाईट होती हे मान्य करतो, पण पूर्ण जबाबदारी नाकारतो. ‘करावे लागले’ या दोन्ही खणांत चपखल बसत नाही. गाय विकणारा ते चांगले झाले असे म्हणत नाही आणि आपण ते केले नाही असेही म्हणत नाही. तो केवळ म्हणतो की या कृतीचा हिशेब आपल्या एकट्याच्या खात्यावर मांडता येणार नाही.

यावर अस्तित्ववाद्यांचा आक्षेप सर्वांना परिचित आहे. सार्त्रच्या दृष्टीने ‘मला करावे लागले’ हे आत्मवंचनेचे नमुनेदार वाक्य ठरेल : माणूस आपले स्वातंत्र्य लपविण्यासाठी स्वतःला वस्तूच्या जागी नेऊन बसवितो. हा आक्षेप सहज टाळता येण्यासारखा नाही. मराठी समाजव्यवहारात या वाक्याचा गैरवापर करण्यात सुशिक्षित वर्ग सर्वांत पुढे आहे. वधुपिता म्हणतो, ‘हुंडा द्यावा लागतो’. आणि वरपिताही थोड्या संकोचाने म्हणतो, ‘लोकरीत म्हणून घ्यावा लागला’. दोघांची वाक्यरचना एकच आहे. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदाही घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही दंडनीय ठरवितो. परंतु एका वाक्यामागे मुलीचे लग्न मोडण्याची भीती आहे आणि दुसऱ्यामागे केवळ लाभ आहे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही असे नव्हे. ‘जातीबाहेर मुलगी देता येत नाही, समाजाचे ऐकावे लागते’ असे म्हणणारा तर ज्या समाजाचे नाव घेतो त्याचाच तो एक घटक असतो. ज्या सक्तीची तो तक्रार करतो ती त्याच्याच मौनातून तयार झालेली असते.

म्हणजे व्याकरण खरे-खोटे ठरवीत नाही. तीच रचना पीडिताच्या तोंडी साक्ष असते आणि बलिष्ठाच्या तोंडी बुरखा. मग भेद करावयाचा कसा?

४

या भेदाची गुरुकिल्ली मराठीने स्वतःच दिली आहे. ‘लागणे’ या अकर्मक क्रियापदाला ‘लावणे’ हे सकर्मक जोड आहे. आग लागते, आणि आग लावली जाते. नाद लागतो, आणि कोणीतरी तो लावते. भाव लागतो, पण भाव लावणाराही असतो. आणि ‘करावे लागले’ याच्या पाठीमागे ‘करायला लावले’ उभे असते. पहिल्या वाक्यात कर्त्याची जागा रिकामी आहे. दुसऱ्यात ती भरावीच लागते. ‘करायला लावले’ म्हणताच प्रश्न येतो : कोणी? तेव्हा ‘करावे लागले’ हे अपुरे वाक्य आहे असे समजणे अधिक योग्य होईल. बोलणारा ते अपुरे ठेवतो, कधी कारण त्याला लावणाऱ्याचे नाव माहीत नसते, कधी माहीत असून घेता येत नाही, आणि कधी ते नाव त्याचे स्वतःचेच असते म्हणून. या तीन प्रकारांत नैतिक अंतर आहे. हुंडा घेणाऱ्याचे वाक्य तिसऱ्या प्रकारात मोडते. कापूस विकणाऱ्याचे वाक्य पहिल्या दोन प्रकारांत मोडते : भाव कोणी लावला हे त्याला सांगता येत नाही, कारण तो लावणारा बाजार, धोरण, आयात-निर्यात, पतपुरवठा अशा अनेक हातांत विभागलेला आहे. हात अनेक झाले म्हणून ते नाहीसे होत नाहीत.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले. त्यानंतरच्या चर्चेत एक बाजू म्हणत होती की फवारणाऱ्यांनी हातमोजे, मुखवटे वापरले नाहीत. म्हणजे त्यांनी ‘केले’. दुसरी बाजू विचारीत होती की भर उन्हाळ्यासारख्या उकाड्यात, मजुरीवर, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत, कोणते औषध कशात मिसळावे हे दुकानात विचारून फवारणाऱ्याला पर्याय किती होता. म्हणजे त्याला ‘करावे लागले’. या वादात केवळ तथ्यांचा प्रश्न नव्हता. ‘ने’ लावावयाचा की ‘ला’, हा तो वाद होता आणि त्याच्या उत्तरावर दोष कोणाच्या माथी जाणार हे अवलंबून होते.

कायद्याच्या भाषेतही हीच ओढाताण दिसते. भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा मानत होते. म्हणजे वाचलेला माणूस निखळ कर्ता समजला जात होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले आणि १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात ते पुन्हा वैध ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने मात्र असे गृहीत धरावयास सांगितले की, विरुद्ध सिद्ध होत नाही तोपर्यंत, असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता आणि त्याला शिक्षा होऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलमाची सर्वसाधारण तरतूद उरली नाही. तीस वर्षांच्या या प्रवासाचे वर्णन एका वाक्यात करावयाचे तर कायदा ‘त्याने केले’ येथून ‘त्याला लागले’ येथवर आला असे म्हणता येईल. ताण कोणी लावला, हा प्रश्न मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

तो प्रश्न दुसऱ्या कागदावर येतो, पण अगदी अरुंद होऊन. महाराष्ट्र शासनाच्या जानेवारी २००६ च्या निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यातील तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या स्वरूपात. त्यासाठी नापिकी, मान्यताप्राप्त संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज आणि परतफेडीचा तगादा ही कारणे तपासली जातात आणि जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरविते. ज्याने नातेवाइकाकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून पैसे घेतले होते, त्याचे ‘लागले’ या चौकटीत सहजासहजी सिद्ध होत नाही. मृताला काय लागले याचा पुरावा जिवंतांना द्यावा लागतो.

५

येथे एका गंभीर धोक्याची नोंद घेणे आवश्यक आहे. सहानुभूतीच्या भरात कथा, कविता, भाषणे आणि वृत्तलेख यांतून ‘शेतकऱ्याला आत्महत्या करावी लागली’ असे वाक्य सर्रास लिहिले जाते. मृताला दोष देणाऱ्या निष्ठुर भाषेपेक्षा ते माणुसकीचे आहे, यात शंका नाही. परंतु गाय विकावी लागली, कर्ज काढावे लागले, जमीन गहाण ठेवावी लागली या क्रमातच हे शेवटचे वाक्य ठेवले, की एक भयंकर अर्थ त्यातून निघतो : दुसरा मार्गच नव्हता. हे वाक्य मृताविषयी लिहिलेले असले तरी ते वाचणारा जिवंत असतो आणि कदाचित त्याच परिस्थितीत असतो. त्याला ते काय सांगते? गाईच्या बाबतीत ‘लागणे’ हे गेलेल्या गोष्टीचे प्रामाणिक वर्णन आहे. मरणाच्या बाबतीत ते पुढच्या माणसासमोर बंद केलेले दार ठरू शकते. म्हणून लेखकाने ‘करावे लागले’चा आदर जेथे करावयाचा, तेथेच त्याची सीमाही सांभाळावयास हवी. परिस्थिती लादलेली होती हे सांगणे न्यायाचे आहे. मृत्यू अटळ होता असे सांगणे मात्र असत्य आहे आणि अन्यायाचेही आहे, कारण ते लावणाऱ्यांनाही मुक्त करते. अटळाला कोणी जबाबदार नसतो.

‘लागणे’च्या ज्या दोन अर्थांकडे नीतिविचाराने पुरेसे पाहिलेले नाही, ते येथे महत्त्वाचे ठरतात. पहिला अर्थ ऋणाचा : ‘तो माझे शंभर रुपये देणे लागतो’. येथे ‘त्याला’ नाही, ‘तो’ आहे. ‘त्याला द्यावे लागते’ म्हणजे कोणी तगादा लावला म्हणून देणे. ‘तो देणे लागतो’ म्हणजे कोणी मागो वा न मागो, देय असणे. समाजाचे आपण काही देणे लागतो, असे म्हणणारा मराठी माणूस सक्तीची तक्रार करीत नसतो. तो स्वतःला कर्त्याच्या जागी ठेवून बांधील करून घेतो. शासनाच्या मदतीला ‘सानुग्रह’ म्हटले जाते, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. अनुग्रह देणारा काही देणे लागत नसतो. एका शब्दाच्या निवडीने देणे हे दान झाले. शेतकऱ्याचे कर्ज मात्र देणेच राहिले. ते अनुग्रहाच्या भाषेत कधी आले नाही आणि माफ झाले तेव्हाही ‘माफी’च्या, म्हणजे अपराधाच्या, भाषेत आले.

दुसरा अर्थ नात्याचा : ‘हा तुमचा कोण लागतो?’ नाते माणूस बहुधा निवडत नाही. तेही येऊन लागते. परंतु लागलेले नाते नाकारता किंवा पत्करता येते आणि म्हणूनच जबाबदारीचा प्रश्न अखेर नात्याच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाने वर्धा जिल्ह्यात पवनार येथे सामूहिकरीत्या जीवन संपविले. महाराष्ट्रातील जाहीर झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा निर्देश केला जातो. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. त्यांतील बहुतेकांचे त्या कुटुंबाशी रक्ताचे नाते नाही. परंपरेत मृत्यूनंतर सुतक लागते ते नातलगांना. ज्याला सुतक लागते तो मृताचा कोणी लागतो. एक दिवस उपाशी राहणारी माणसे न लागलेले सुतक पाळून आपण त्यांचे कोणी लागतो असे जाहीर करतात. राजकीय कृती म्हणून तिचे मोल काहीही ठरो, भाषेच्या पातळीवर ती ‘लागले’ या अपुऱ्या वाक्याला दिलेला प्रतिसाद आहे.

या क्रियापदाचा आणखी एक साधा अर्थ शेवटी लक्षात घ्यावा : ‘लागले’ म्हणजे इजा झाली. ‘मनाला लागले’ असेही म्हटले जाते. बर्नार्ड विल्यम्सने ‘मॉरल लक’ या १९७६ च्या निबंधात दाखविले की, दोष नसतानाही आपल्या हातून जे घडले त्याची विशेष खंत कर्त्याला वाटते आणि ती वाटणे हे नैतिक संवेदनेचे लक्षण आहे. ‘करावे लागले’ म्हणणाऱ्याची परीक्षाही कदाचित येथेच होते. ज्याला खरोखर करावे लागले, त्याला ते लागलेलेही असते : गाय विकून येणारा रिकाम्या खुंट्याकडे पाहत नाही. हुंडा घ्यावा लागला म्हणणाऱ्याला काही लागल्याचे दिसत नाही. ही कसोटी निर्दोष नाही, कारण खंत बोलून दाखविता येते आणि तिचे ढोंगही करता येते. परंतु लावणारा कोण, तोटा कोणाचा आणि बोलणाऱ्याला ते लागले काय, हे तीन प्रश्न एकत्र विचारले, तर साक्ष आणि सबब यांतील भेद पुष्कळदा स्पष्ट होतो.

हे प्रश्न बोलणाऱ्याला नव्हे, ऐकणाऱ्याला विचारावयाचे आहेत. बोरी अरबच्या बसथांब्यावर कोणी म्हणते, ‘आहे त्या भावात इका लागला’, आणि ऐकणारा मान हलवून ‘काय करता, इका लागते’ असे उत्तरतो, तेव्हा सहानुभूती पूर्ण होते आणि वाक्य मात्र अपुरेच राहते. ते पूर्ण करण्यासाठी दोन प्रश्न विचारले जावयास हवेत : हे कोणी करायला लावले, आणि ज्याला करावे लागले त्याचे ऐकणारे कोण लागतात? पहिल्याचे उत्तर अर्थशास्त्राला आणि राजकारणाला शोधता येईल. दुसऱ्याचे उत्तर भाषेने आधीच देऊन ठेवले आहे. ते मान्य करावयाचे की नाही एवढाच निर्णय उरतो, आणि तो निर्णय घ्यावा लागला असे नंतर कोणाला म्हणता येणार नाही.